चुकलेली वेळ नेमकी किती चुकली?

द्राक्षांचा कंटेनर नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतहून न्हावा शेवा बंदराकडे निघतो तेव्हा पेट्यांच्या मध्ये तापमान नोंदवणारा एक छोटा लॉगर ठेवलेला असतो. माल रॉटरडॅमला उतरला की तिकडून त्याची फाइल येते. उघडली तर दोन रकाने. एकात तापमान, ते कुणालाही वाचता येतं: ०.४, ०.५, ०.४. दुसऱ्यात वेळ, आणि ती अशी: १७७३४३८०१७. दाव्यांची भांडणं सुरू होतात तापमानावरून आणि अडकतात वेळेवर. पारा चार अंशांवर गेला हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. तो गेला तेव्हा कंटेनर निफाड तालुक्यात होता, बंदरात प्लग काढून उभा होता की बोटीवर चढला होता, हे त्या दहा आकड्यांवरून ठरायचं असतं, आणि नुकसान कुणाच्या खात्यावर पडणार तेही.

हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद. मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे जगभराच्या सामायिक प्रमाणवेळेची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. पाण्याच्या मीटरसारखा हा आकडा नुसता पुढे सरकतो. त्याला वार नाही, महिना नाही, गाव नाही. एका क्षणी नाशिकमध्ये, रॉटरडॅममध्ये आणि भर समुद्रात तो एकच असतो. तारीख, वार, वेळ हे सगळं वाचणारा घालतो. त्यामुळे आकडा क्वचितच चुकतो, चुकतं ते वाचन. त्यातली बरी गोष्ट अशी की वाचनातल्या चुका कधी अंदाधुंद नसतात. वेळ ‘चुकली’ एवढं म्हणून सोडून देणाऱ्याला काहीच सापडत नाही. ती किती तास, किती मिनिटांनी चुकली हे मोजणाऱ्याला बहुधा लगेच सापडतं.

आधी आकडा हाताने वाचून पाहू. कॅल्क्युलेटर पुरतो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे १९८०० सेकंद. ते मिळवले की १७७३४५७८१७. दिवसाचे सेकंद ८६४००, त्याने भागलं की पूर्ण दिवस २०५२६ आणि बाकी ११४१७ सेकंद. बाकीत तीन तास, दहा मिनिटं, सतरा सेकंद बसतात. पूर्ण दिवसांना सातने भागलं तर बाकी २, आणि १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता, म्हणून हा शनिवार. तारीख निघते १४ मार्च २०२६, पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं १७ सेकंद. एवढं गणित एकदा तरी हाताने करावं असं माझं मत आहे. नंतर कुठल्याही संकेतस्थळाने किंवा ॲपने दिलेलं उत्तर डोळे मिटून घ्यावं लागत नाही.

एक्सेलमध्ये हेच गणित एका ओळीत होतं. खान्यातल्या आकड्यात १९८०० मिळवायचे, आलेल्या बेरजेला ८६४०० ने भागायचं आणि त्यात २५५६९ मिळवायचे. एक्सेल दिवस मोजतो १९०० सालापासून आणि त्याच्या हिशेबात १ जानेवारी १९७० हा २५५६९ वा दिवस आहे. वरच्या आकड्याचं उत्तर येईल ४६०९५ आणि पुढे अपूर्णांक. खान्याचं फॉरमॅट तारीख-वेळेचं केलं की १४ मार्च दिसतं. गूगल शीट्समध्ये ईपॉकटूडेट नावाचं तयार सूत्र आहे, पण ते उत्तर यूटीसीत देतं. त्यात साडेपाच भागिले चोवीस आपणच मिळवायचे.

मात्र सूत्र टाकण्याआधी आकडे मोजावेत. आजच्या तारखांसाठी दहा आकडी म्हणजे सेकंद, तेरा आकडी म्हणजे मिलिसेकंद, सोळा म्हणजे मायक्रोसेकंद, एकोणीस म्हणजे नॅनोसेकंद. ९ सप्टेंबर २००१ ला सकाळी ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंदांनी सेकंदांचा आकडा दहा आकडी झाला आणि २२८६ सालापर्यंत तो दहा आकडीच राहणार आहे, त्यामुळे ही खूण भरवशाची. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद मागते. तिला सेकंद दिले तर वरचा आकडा २१ जानेवारी १९७० ची संध्याकाळ दाखवतो. रिपोर्टमध्ये सगळ्या तारखा जानेवारी १९७० च्या दिसल्या तर दुसरं काही शोधायला जाऊ नये, हजाराने गुणायचं राहिलंय. उलटी चूक, म्हणजे मिलिसेकंदांना सेकंद समजणं, थेट सन ५८,००० च्या पलीकडे नेते, नाहीतर प्रोग्रामच आडवा पडतो. आणि बरोबर १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० दिसलं तर तिथे तारीख नव्हतीच. खाना रिकामा होता आणि कुणीतरी त्या रिकाम्याचा शून्य केला. अमेरिकेतल्या खरेदीदाराला तीच नोंद ३१ डिसेंबर १९६९ दिसते आणि दोघे एकमेकांना चूक ठरवत बसतात.

सगळेच मोजदार १९७० पासून मोजत नाहीत. विंडोज आतून १ जानेवारी १६०१ पासून मोजतं, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, म्हणून तिकडचा आकडा अठरा आकडी असतो. त्याला एक कोटीने भागून ११६४४४७३६०० वजा केले की नेहमीचे सेकंद मिळतात. क्रोमच्या हिस्टरीतला सतरा आकडी आकडाही १६०१ पासूनचाच, पण मायक्रोसेकंदांत. आयफोनच्या ॲपमधला नऊ आकडी आकडा १ जानेवारी २००१ पासूनचा, त्यात ९७८३०७२०० मिळवायचे. तो तसाच वाचला तर वेळ बरोबर एकतीस वर्षं मागे जाते. एक्सेलची फाइल जुन्या मॅकवरून आलेली असेल तर तिची मोजणी १९०४ पासूनची असू शकते, मग दोन फाइलींत १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाचा फरक पडतो. हे आकडे पाठ करायची गरज नाही. फरक ओळखीचा दिसला की कुठे बघायचं एवढं कळलं तरी पुष्कळ.

एक्सेलची खरी खोडी वेगळीच आहे. लॉगरची सीएसव्ही फाइल त्यात डबल क्लिकने उघडली की तेरा आकडी वेळ १.७७ आणि पुढे ई अधिक १२ अशी दिसते. आत आकडा शाबूत असतो, पण तशीच फाइल सेव्ह केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि मूळ वेळ कायमची जाते. अठरा-एकोणीस आकड्यांचं तर उघडतानाच नुकसान होतं, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपुढे सगळे शून्य करतो. म्हणून अशी फाइल उघडायची नाही, डेटा मेनूतून आणायची आणि तो रकाना टेक्स्ट म्हणून घ्यायचा. मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवायची. दावा करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

आता साडेपाच तास. आपल्याकडच्या चुकांपैकी सगळ्यात जास्त सापडणारी ही. वेळ बरोबर साडेपाच तास मागे असेल तर रूपांतर करायचं राहिलंय. साडेपाच तास पुढे असेल तर ते दोनदा झालंय. हे दुसरं जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. कुणीतरी सोयीसाठी १९८०० मिळवून तोच आकडा डेटाबेसमध्ये साठवतो. पुढच्या माणसाला वाटतं की साठवलेला आकडा यूटीसीचा आहे, कारण असायला तोच हवा. तो पुन्हा साडेपाच तास पुढे नेतो. म्हणून १९८०० मिळवायचे ते दाखवताना, साठवताना कधीच नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तरी साडेपाच तासांची उडी दिसते, कारण विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स तिथे यूटीसी धरतं. फरक फक्त अर्ध्या तासाचा असेल तर कुठल्यातरी फॉर्ममध्ये टाइम झोन पूर्ण तासांतच लिहायची सोय आहे आणि पाच किंवा सहा भरून वेळ मारून नेलीय. बारा तासांचा असेल तर सकाळ-संध्याकाळ हरवलीय, बारा ताशी आणि चोवीस ताशी फॉरमॅटची गल्लत.

साडेपाच तासांनी नुसती वेळ चुकते तेव्हा ते नजरेत भरतं. तारीख चुकते तेव्हा भरत नाही. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच यांमध्ये नाशकात जे घडतं ते सर्व्हरच्या लेखी कालचं. द्राक्षतोडणीसाठी दिंडोरीकडे निघालेले मजूर, दुधाच्या गाड्या, आडगाव नाक्यावर माल उतरवणारे ट्रक, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची तिसरी पाळी, हे सगळे त्याच साडेपाच तासांत असतात. ओव्हरटाइम करून मध्यरात्रीनंतर एकला अंगठा लावणाऱ्याचा तो अंगठा आदल्या दिवसात मोजला गेला की महिन्याच्या शेवटी हजेरीत एक दिवस कमी आणि दुसऱ्या दिवशी दोन नोंदी. महिन्याच्या एक तारखेला तर पगाराचा महिनाच बदलतो.

कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: आधी तारीख कापली, मग रूपांतर केलं. क्रम उलटा हवा. आधी क्षण भारतीय वेळेत आणायचा, मग त्याची तारीख काढायची. त्याहून बरं म्हणजे तारीख कापायचीच नाही, दिवसाच्या दोन कडा आकड्यांत लिहायच्या. १४ मार्च २०२६ चा भारतीय दिवस १७७३४२६६०० ला सुरू होतो आणि १७७३५१३००० च्या आधी संपतो. पहिला आकडा धरून, दुसरा वगळून. ‘२३:५९:५९ पर्यंत’ असं लिहिणाऱ्यांची मिलिसेकंदांतली शेवटची नोंद निसटते. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये तर हे रूपांतर झोनच्या नावाने करू गेलं आणि झोनचे तक्ते त्यात भरलेले नसले तर उत्तर नल, म्हणजे रिकामं येतं, चूक झाल्याचा निरोपही येत नाही. अधिक पाच तीस असं आकड्यांत लिहिलं की चालतं.

जाता जाता एक गंमत. पंचांगाचा दिवसही मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. नाशकात सूर्योदय उन्हाळ्यात सहाच्या आगेमागे आणि जानेवारीत सातच्या पुढे. म्हणजे पहाटे पाचला गंगेवर (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) स्नानाला उतरलेल्या माणसाची तिथी आणि सर्व्हरची तारीख, दोन्ही अजून कालचीच. भिंतीवरचं घड्याळ तेवढं आज म्हणतं. तेही घड्याळ नाशिकचं नव्हे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. नाशिक त्र्याहत्तर अंशांच्या पुढे, पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर आपण जवळजवळ पस्तीस मिनिटं मागे. सूर्य इथे माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास.

हा इतिहास संगणकातही शिरलेला आहे, आणि तिथून तो कधी कधी चावतो. एखाद्या पायथॉन प्रोग्राममधून आलेली वेळ बरोबर २३ मिनिटांनी चुकलेली दिसते. हा आकडा पाहून भलेभले चक्रावतात, कारण २३ मिनिटांचा टाइम झोन जगात कुठे नाही. कारण असं: टाइम झोनच्या जागतिक यादीत आपली नोंद ‘आशिया/कोलकाता’ या नावाने आहे. त्या नोंदीत सगळ्यात जुनी ओळ कोलकात्याच्या स्थानिक सूर्यवेळेची आहे, ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. पायटीझेड ही जुनी लायब्ररी वापरताना झोन थेट तारखेला चिकटवला की ती पहिलीच ओळ उचलते. ५:५३ आणि ५:३० यांतला फरक २३ मिनिटं. उपाय म्हणजे त्या लायब्ररीचं लोकलाइझ वापरणं, किंवा पायथॉन ३.९ पासून सोबतच येणारं झोनइन्फो वापरून तिला निरोप देणं. आणि नाव ‘आशिया/कलकत्ता’ असं जुन्या वळणाचं दिसलं तर घाबरू नये, ते त्याच नोंदीचं टोपणनाव आहे.

त्याच नोंदीत महायुद्धाची वर्षंही आहेत. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ घड्याळं एक तास पुढे होती, साडेसहा तासांवर. त्याआधी १९४१-४२ मध्येही काही महिने. पंचवटीतल्या ज्योतिषांना हे सांगावं लागत नाही. १९४३ च्या जन्मवेळेतून एक तास वजा करायचा हे त्यांच्याकडे परंपरेने चालत आलंय. पत्रिकेचं सॉफ्टवेअर मात्र सरसकट साडेपाच तास धरत असेल तर लग्नरास सहज बदलते. मुंबईचं प्रकरण त्याहून अवघड. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली, तरी मुंबईत ४ तास ५१ मिनिटांची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती. जागतिक यादीत मुंबईची वेगळी नोंदच नाही, त्यामुळे ते ३९ मिनिटांचं अंतर कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून भरून काढणार नाही. जुन्या दाखल्यावर वेळ कुठली धरली होती ते दाखल्यावरूनच ठरवावं लागतं. बाकी १९७० च्या आधीचे आकडे ऋण असतात एवढंच. १५ ऑगस्ट १९४७ ची भारतीय मध्यरात्र म्हणजे उणे ७०६३३९८००. एक्सेलचं वरचं सूत्र त्यालाही चालतं.

त्या यादीच्या लेखी १९४५ नंतर भारतात घड्याळ हललेलं नाही, म्हणून डोक्यात साडेपाच तास पक्के बसतात. माल मात्र जिथे उतरतो तिथे ते हलतं, आणि नेमकं द्राक्षांच्या हंगामात. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, यूटीसी रात्री एकला, घड्याळं तासभर पुढे जातात. २०२६ मध्ये तो दिवस २९ मार्च. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजतात. नाशिक आणि रॉटरडॅम यांत शनिवारी साडेचार तासांचं अंतर होतं, रविवारी साडेतीन तासांचं. लॉगरची फाइल तिकडच्या माणसाने स्थानिक वेळेत बदलून पाठवली असेल तर दोन ते तीन हा तास त्यात नसतोच, आलेखात एक तासाची फट दिसते. ‘तुमचा सेन्सर तासभर बंद होता’ हा आक्षेप इथून येतो. मूळ सेकंदांचा रकाना पाहिला की वाद मिटतो: दर नोंदीत दहा मिनिटांचं अंतर असेल तर आकडा प्रत्येक वेळी ६०० नेच वाढलेला असतो, मार्चचा शेवटचा रविवार असो वा नसो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलट होतं, तोच तास दोनदा येतो आणि स्थानिक वेळेवरून कुठली नोंद आधीची हे सांगता येत नाही.

साडेतीन तासांच्या फरकाला आणखी एक संशयित आहे. वेळेपुढे ‘आयएसटी’ लिहिलं की आपल्याला भारत दिसतो. पोस्टग्रेस डेटाबेसला मूळ सेटिंगमध्ये इस्राएल दिसतो, यूटीसीच्या दोन तास पुढचा. आयर्लंडचीही तीच अक्षरं. म्हणून अक्षरं नकोत, अधिक ०५:३० असं लिहावं. २०२६-०३-१४, मग टी, मग ०३:१०:१७ आणि त्याला चिकटून +०५:३०. यात दिवस आधी की महिना आधी हा घोळही उरत नाही. एकच जपायचं: हे वेब पत्त्यातून पाठवलं तर अधिकचं चिन्ह वाटेत कोरी जागा होऊन जातं, ते आधी एन्कोड करावं लागतं.

सेकंदांचे फरक बहुतेकांनी सोडून द्यायला हरकत नाही. फक्त १८ सेकंदांचा असेल तर तो जीपीएसचा. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला १९७२ पासून यूटीसीत २७ लीप सेकंद घातले गेले. जीपीएसची मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली आणि त्यानंतरचे १८ तिने मोजले नाहीत. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे आला. घड्याळ ५:२९:५९ नंतर ५:२९:६० म्हणालं आणि मग साडेपाच वाजले. जीपीएसची मोठी चूक मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. जुने ट्रॅकर आठवडे १०२४ पर्यंतच मोजतात आणि पुन्हा शून्यावर येतात. यूटीसीच्या ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ते आले. ट्रकचा जुना ट्रॅकर वेळ बरोबर पण तारीख एकोणीस वर्षं आणि काही महिने मागची दाखवत असेल तर ७१६८ दिवस मिळवून पाहावेत, बहुधा आजची तारीख येते.

आणि काही वेळा रूपांतर अचूक असतं, मूळ घड्याळच खोटं बोलत असतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, हे नेहमीचं उदाहरण. आतला बटन सेल संपला की वीज गेल्यावर तो २००० सालात जातो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे टाइम झोन यूटीसी अधिक आठ तासांवर राहिलेला आणि घड्याळ हाताने लावून भारतीय वेळेला आणलेलं. पडद्यावर सगळं ठीक, पण काढून दिलेल्या फाइलमधला आकडा अडीच तास मागचा. फुटेज घेताना डीव्हीआरच्या पडद्याचा आणि मोबाइलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढावा, फरक सेकंदात लिहून ठेवावा आणि डीव्हीआरचं घड्याळ त्यानंतरच दुरुस्त करावं. आधी दुरुस्त केलं तर जुन्या नोंदी किती सरकवायच्या हे कळायचा मार्ग राहत नाही. कायमचा इलाज म्हणजे उपकरण नेटवर्कवरून वेळ घेईल असं करणं. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर त्यासाठी खुला आहे.

राहता राहिलं २०३८. ऋण आकड्यांनाही जागा ठेवली तर बत्तीस बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. तो मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ ला, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येईल. पुढच्या सेकंदाला जुनी यंत्रणा डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. मोबाइल आणि लॅपटॉप तोवर चारदा बदललेले असतील, त्यांची काळजी नको. अंबड-सातपूरच्या शेडमधली नियंत्रण पॅनेलं, शीतगृहांचे कंट्रोलर, वजनकाटे हे मात्र वीस-वीस वर्षं चालतात. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प प्रकारचा रकानाही त्याच दिवशी संपतो, आणि वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यात आजच बसत नाही. पॅनेल तपासायचं तर सुट्टीच्या दिवशी, प्रोग्रामचा बॅकअप घेऊन, नेटवर्कची केबल काढून, घड्याळ त्या दिवशीच्या ८:४० ला लावायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. वेळ पुढे सरकली की एकदा वीज बंद करून चालू करायची, कारण काही यंत्रं चालू असेपर्यंत ठीक असतात आणि सुरू होताना अडतात. ज्या पॅनेलवरच्या सॉफ्टवेअरचा परवाना तारखेला बांधलेला आहे त्यावर हा प्रयोग करू नये. तारीख मागे आणली तरी असे काही परवाने संपलेलेच राहतात.